दिवेवाला एकदाच मरतो

५ फेब्रुवारी

प्रिय भिंगरी,

पुस्तक मिळालं. पोस्टमनने ते फाटकावरून आत भिरकावलं आणि नेमकं ओल्या धुण्यावर पडलं. तुझ्या पहिल्यावहिल्या कादंबरीच्या कोपऱ्याला आता माझ्या चादरीचा निळा रंग लागला आहे. पोस्टमनला मी जे बोलायचं ते बोलले. उभा जन्म शाळेत खेळाची बाई म्हणून गेला, माझा आवाज अजून मैदानाच्या त्या टोकाला पोचतो. कान तेवढे फोनवर काम करत नाहीत, म्हणून तुला आत्याला पत्रं लिहावी लागतात. कुरकुर करू नकोस, अक्षर सुधारेल.

आता 'सात वेशींचं राज्य, भाग पहिला' याबद्दल. मुखपृष्ठावरची राणी फारच हडकुळी आहे, त्या दंडांनी तलवार उचलत नाही. पुढच्या भागात तिला जरा खायला घाला. पण आत शिरले आणि मग उठवेना. पहिल्या वेशीवरचा तो म्हातारा दिवेवाला, त्याने सांभाळलेली ती अनाथ पोर, वात नीट कापली नाही म्हणून तिच्यावर रोज करवादणं. भिंगरे, मला काय आंधळी समजलीस? तो दिवेवाला म्हणजे आपला दादा आहे. नगरपालिकेच्या खांबांवरचे दिवे दुरुस्त करणारा तुझा बाप तू उचलून त्या किल्ल्याच्या वेशीवर नेऊन बसवला आहेस, मिशीसकट.

साप्ताहिकात जे छापून आलंय तेही वाचलं. 'कवळ्या बनवणाऱ्या बाईंनी राक्षसांना दात बसवले आहेत, पण ते चावत नाहीत. वर सात भागांची धमकी.' उचलली जीभ लावली टाळ्याला. त्या लिहिणाऱ्याला माझ्याकडे पाठव, मैदानाला फेऱ्या मारायला लावते. धाप लागली की माणूस खरं बोलतो.

शेवटची काही पानं मी भराभर उलटली. शेजाऱ्यांनी पालापाचोळा पेटवला होता, डोळ्यांत धूर गेला. बाकी उत्तम.

तुझी आत्या


१४ फेब्रुवारी

ती. आत्यास नमस्कार. साष्टांग घालायला इथे जागा नाही. एका बाजूला प्लास्टरचे साचे, दुसऱ्या बाजूला कवळ्या घासण्याचं यंत्र, मधे मी.

तुझं पत्र डबा खाताना वाचलं. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तेवढ्यात डोकावून विचारलं, पेपरात तुमचं नाव आलं म्हणे, दवाखान्याचंही घालायचं होतंत की. मी म्हटलं, शिव्या आल्यात, घालू का? ते गेले. आज तीन कवळ्या द्यायच्या आहेत आणि एका आजोबांना त्यांचे जुने दात जसे वाकडे होते तसेच हवे आहेत. म्हणतात, नाहीतर बायको ओळखणार नाही. अशा माणसांसाठी काम करायला मला आवडतं.

साप्ताहिकाचं मला काही वाटलं नाही, असं लिहिणार होते. पण तुला थाप मारून पचत नाही. वाटलं. सात वर्षं त्या राज्यात राहिले आणि कुणीतरी दाढी करता करता दोन ओळींत मला तिथून हाकललं. पण ऐक, मी जाणार नाही. प्रकाशकांनी बोलावून सांगितलं, प्रती उठत नाहीत, सात वेशी फार झाल्या, दुसऱ्या भागातच आटपा. मी म्हटलं, वेशी सात आहेत. ते म्हणाले, विचार करा. मी म्हटलं, केला, सातच आहेत. दुसऱ्या भागाचा अर्धा मजकूर तयार आहे आणि तो कुणाला आवडेल की नाही हे विचारत मी दारोदार फिरणार नाही.

आणि आत्या, धूरबीर काही नव्हता. दिवेवाल्याचं मरण तू वाचलंच नाहीस. शत्रूची फौज वेशीपाशी येते, दिवे लावायला मनाई होते, तरी तो शिडी लावून चढतो आणि तिथेच जातो. ती पानं टाळलीस ना? मला राग नाही. पण कधीतरी वाच. असल्या गोष्टींत मेलेली माणसं सर्रास परत येतात, कुणी मंत्र टाकतो, कुणी जादूचं पाणी शिंपडतो. माझ्या राज्यात पहिल्याच पानावर कायदा आहे, गेलेला परत येत नाही. सातही वेशी त्या एका कायद्यावर उभ्या आहेत. तो गेला म्हणून तर पोर दिवा उचलते आणि पुढच्या वेशीकडे निघते.

तुझी भिंगरी


२ मार्च

भिंगरे,

सोबत रविवारच्या पुरवणीचं कात्रण जोडलं आहे. तू पाहिलंच असशील, सगळ्यांनी पाहिलं. दूधवाल्यानेही मला विचारलं, तुमचीच का हो भाची? अख्खं पान. वर तुझा फोटो, त्यात तू जांभई दाबल्यासारखी दिसतेस. आणि लिहिणारे कोण, तर ते थोरले समीक्षक, ज्यांनी गेल्या कित्येक वर्षांत कुणाला बरं म्हटलेलं नाही.

अभिनंदन. पण मला तुला एक विचारायचं आहे आणि सरळ उत्तर दे.

ते लिहितात, 'वृद्ध दिवेवाल्याचा मृत्यू लेखिका कादंबरीच्या पहिल्या एकतृतीयांशातच उरकते. मृत्यूचं वर्णन एका अर्ध्या वाक्यावर तुटतं, आणि पान उलटताच तोच दिवेवाला वात कशी कापावी यावरून मुलीशी भांडताना दिसतो. स्पष्टीकरण नाही, चमत्कार नाही. मरण ही जणू वाटेतली एक पायरी. पृष्ठक्रमांकसुद्धा या बंडात सामील होतात: ऐंशीनंतर थेट दोनशे पंचवीस. आपल्या भाषेत काळाचा असा चोळामोळा कुणी केला नव्हता.'

मी दोनदा वाचलं. मग तू पाठवलेलं पुस्तक काढलं, चष्मा पुसला. माझ्या प्रतीत ऐंशीनंतर एक्याऐंशीच येतं. सगळी पानं शहाण्या मुलींसारखी रांगेत उभी. माझ्या प्रतीत दिवेवाला शेवटी जातो.

म्हणजे लोकांसाठी एक पुस्तक आणि आत्यासाठी दुसरं सोपं, असं आहे का? खेळाची बाई, हिला काळाचा चोळामोळा काय झेपणार, म्हणून माझ्यासाठी वेगळी प्रत बांधून घेतलीस? तसं असेल तर मला वाईट वाटलं. मी काही थोर वाचक नाही, पण तुला अक्षरओळख मीच करून दिली, तुझ्या आईला वेळ नव्हता तेव्हा.

आत्या


९ मार्च

आत्या,

तू ना, अशक्य आहेस. आत्यासाठी सोपी प्रत? मला घरी माझ्यासाठी धड डबा बांधायला वेळ होत नाही आणि मी तुझ्यासाठी वेगळं पुस्तक बांधून घेणार?

पण तुझ्यामुळेच सापडलं. समीक्षण वाचून मलाही काही कळलं नव्हतं. मी समजत होते थोर माणसं असंच लिहितात, आपण मान डोलवावी. तुझं पत्र आलं त्या संध्याकाळी काम उरकून थेट प्रकाशकांच्या कार्यालयात गेले. तिथे मागच्या खोलीत गठ्ठे असतात. एक प्रत उचलली, बरोबर. दुसरी उचलली, बरोबर. मग कपाटातली काढली, परीक्षणासाठी पाठवतात त्यांतली उरलेली. पान ऐंशी, आणि पुढे दोनशे पंचवीस.

झालंय ते असं. एका मोठ्या कागदावर सोळा पानं एकदम छापतात आणि तो घडी घालतात. त्या घडीला फर्मा म्हणतात. प्रत्येक फर्म्याच्या तळाशी बारीक आकडा असतो, तो बघून बाइंडरकडची माणसं फर्मे एकावर एक रचतात आणि मग शिवतात. पंधराव्या फर्म्याच्या आकड्यातला एक उमटलाच नाही. नुसता पाच दिसला. त्यांनी पाचाशेजारी पाच ठेवला आणि शिवून टाकलं. पहिला गठ्ठा असा बाहेर पडला. नंतर कुणाच्या तरी लक्षात आलं, पुढच्या प्रती सुधारल्या, पण तो पहिला गठ्ठा तोवर वर्तमानपत्रांकडे आणि वाचनालयांकडे गेला होता. त्या पंधराव्या फर्म्यात काय आहे ते तुला सांगायला नको. दिवेवाल्याचं मरण, पूर्ण, पहिल्या पायरीपासून.

म्हणजे त्या प्रतींत तो आधी मरतो, मग दीडशे पानं हिंडतो फिरतो, आणि शेवटी फौज वेशीशी येते तेव्हा मधेच गायब होतो. पोर दिवा का उचलते, कुणाला पत्ता नाही. आणि हे थोरल्यांना आवडलंय.

मला वाटलं, प्रकाशकांना धक्का बसेल. ते हसले. त्यांना आधीपासून माहीत होतं. म्हणाले, बाई, नशीब दार ठोठावतंय, तुम्ही कडी कशाला लावता? प्रती संपत आल्यात. पहिल्या पुस्तकाचा पुरस्कार आहे, थोरले परीक्षक आहेत. दुसरी आवृत्ती आपण त्याच क्रमाने काढू, आता तीच खरी. आणि दुसरा भाग त्याच पद्धतीने लिहा, मग सातच काय, नऊ वेशी काढू. तोंड तेवढं मिटून ठेवा.

मी दहा वर्षं लोकांच्या तोंडात दात बसवते आहे. सुळा दाढेच्या जागी बसवला तर माणसाचं तोंड मिटत नाही. माझंही मिटणार नाही. एप्रिलमध्ये पुस्तकावर चर्चा ठेवली आहे, थोरले येणार आहेत. तिथे उभी राहून सांगणार आहे. तू माझ्या बाजूची आहेस हे माहीत आहे, म्हणून विचारतही नाही.

भिंगरी


२० मार्च

भिंगरे,

विचारायला हवं होतंस.

तुझं पत्र आल्यावर मी वाचनालयात गेले. तुझं पुस्तक तिथे आहे, त्या पहिल्या गठ्ठ्यातलं. ग्रंथपाल माझी जुनी विद्यार्थिनी, लांब उडी म्हटली की हिच्या पोटात दुखायचं. तिने मला ते आठवडाभर ठेवू दिलं.

वाचलं. ती सोळा पानं लागली तेव्हा मी ती एकत्र धरून उलटली, न वाचता, आणि पुढे गेले. आणि पुढे तो होता. वातीवरून करवादत, मिशीला तेल लावत, पोरीला म्हणत, 'तुझ्या हाताला घाई फार.' मला ठाऊक होतं की तो मागे मेलाय. आणि तरी तो समोर होता, पान संपलं तरी होता, आणखी कितीतरी पानं. शेवटीही तो मरत नाही. नुसता दिसेनासा होतो, बाजारात माणूस गर्दीत दिसेनासा होतो ना, तसा. परत दिसेल असं वाटत राहतं.

तुला माहीत आहे, दादा गेला तेव्हा मी मुलींची टीम घेऊन परगावी होते. निरोप पोचायला वेळ लागला, यायला वेळ लागला. मी आले तेव्हा सगळं आटपलं होतं, अंगणात खुर्च्याही राहिल्या नव्हत्या. तू पाहिलंस, वहिनीने पाहिलं, गल्लीने पाहिलं. मी नाही पाहिलं. मला माझा भाऊ गेलेला दिसलाच नाही गं. अजून संध्याकाळी रस्त्यावरचे दिवे लागले की वाटतं, कुठल्या तरी खांबावर असेल.

मग त्या बाइंडरच्या माणसांनी चुकून त्याला परत आणला, तर तुझं काय बिघडलं? थोरले खूश, प्रकाशक खूश, तुला पुरस्कार, सात वेशी पक्क्या. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, तर तू एक परत करायला निघालीस. असू दे ना चूक. माझ्यासाठी असू दे.

आत्या


४ एप्रिल

आत्या,

पंधरा दिवस पत्र लिहीत होते आणि फाडत होते. हे पाठवते, कारण फाडून फाडून कागद संपले.

आधी मला तुझा खूप राग आला. सगळं जग म्हणालं असतं तर मी हसले असते, पण तू म्हणालीस. मग रडले. साच्यावर मेण ओतताना रडले, ते मेण फुकट गेलं.

आता ऐक. मी तुला हे कधी सांगितलं नाही कारण तू कधी विचारलं नाहीस, आणि तू विचारू नयेस म्हणून घरात सगळ्यांनी विषय बदलायची सवय लावून घेतली होती. वारा सुटला होता. आपल्या गल्लीतल्या सरकारी दवाखान्यासमोरचा दिवा गेला होता आणि तिथून बायका-माणसं आजारी लोकांना आणत होती, अंधारात ठेचकाळत. साहेबांनी सांगितलं होतं, उद्या बघू, आज चढू नका. बाबा चढले. मी खिडकीत होते. दिवा लागला, गल्ली उजळली, आणि मग ते पडले. दिवा लागलेलाच राहिला. मी जे पाहिलं ते एवढंच, आणि त्या सोळा पानांत ते सगळं आहे, तलवारी आणि फौज वरून चढवलेली. ते लिहिताना मी हे ठरवलं होतं की बाबांना मंत्र टाकून परत आणणार नाही. कितीदा तरी मोह झाला. माझंच राज्य, माझाच कायदा, कोण विचारणार होतं? पण मग ते खांबावर का चढले याला काय अर्थ राहिला? परत येणारच असेल तर कुणीही चढेल.

आणि ती पोर. दिवेवाला इथेच कुठेतरी हिंडत असेल तर तिने दिवा कशाला उचलायचा? तो येईल आणि लावेल. ती वेशीत बसून राहील, आत्या. बसूनच राहील. पुढच्या सहा वेशी कुणी चालायच्या?

तुला तो हवा आहे हे मला कळतं. मलाही हवा आहे. पण तुझ्यासाठी म्हणून मी त्यांना भुतासारखं हिंडवणार नाही, आणि पुरस्कारासाठी तर मुळीच नाही. वीस तारखेला मी बोलणार आहे. तू माझ्याशी बोलली नाहीस तरी बोलणार आहे.

भिंगरी


२८ एप्रिल

आत्या,

तुझं उत्तर नाही. ठीक आहे. तरी काय झालं ते तुला माझ्याकडूनच कळावं.

सभागृह भरलं होतं. मागच्या रांगेत आमच्या दवाखान्यातले ते वाकड्या दातांचे आजोबा बायकोला घेऊन आले होते. बायकोने ओळखलं म्हणे. थोरले समीक्षक पाऊण तास बोलले. काळ, मरण, तुटलेलं वाक्य. ऐकायला इतकं छान वाटत होतं की क्षणभर मलाच वाटलं, काय सुंदर पुस्तक आहे, कुणी लिहिलं असेल. प्रकाशक माझ्याकडे बघून मान हलवत होते.

मग मला बोलावलं. मी दोन्ही प्रती नेल्या होत्या. दोन्ही वर धरल्या आणि सांगितलं. फर्मा, पाच, पंधरा, सगळं. म्हटलं, हा दिवेवाला मेल्यावर उठून बसत नाही. त्याला बाइंडरने उठवला आहे. माझ्या पुस्तकात तो एकदाच मरतो.

मग कुणीतरी फसकन हसलं आणि हसू पसरत गेलं. मला थोरल्यांची दया आली, कारण ते माझ्या वडलांपेक्षा मोठे आहेत आणि त्यांची मान लाल झाली होती. वाटलं, आता ते बसतील. पण ते काही साधे नाहीत. उठून माइक घेतला आणि म्हणाले, 'लेखिकेला आपल्या पुस्तकात काय आहे हे कळायलाच हवं असा नियम नाही. मी वाचलेलं पुस्तक थोर आहे. तुम्ही लिहिलेलं साधारण आहे. मी माझं मत बदलणार नाही.'

मला तो माणूस त्या क्षणी आवडला, खरं सांगते. म्हटलं, 'साधारण तर साधारण, पण ते माझं आहे. कवळी उलटी बसली आणि माणसाला चावता येईना, तर त्याला मी चावण्याची नवी शैली म्हणत नाही. काढते आणि नीट बसवते.' आजोबांनी एकट्यांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना काय कळलं देव जाणे.

दुसऱ्या दिवशी प्रकाशकांची चिठ्ठी आली. मालिका बंद. दुसरा भाग तुमचा तुम्हाला लखलाभ. पुरस्कार दुसऱ्या कुणाला जाहीर झाला. साप्ताहिकाने पुन्हा दोन ओळी छापल्या: 'दात आता लेखिकेचेच तिच्या घशात.' या खेपेला विनोद बरा होता.

मला वाईट वाटतंय. खूप वाटतंय, खोटं कशाला बोलू. हत्ती उभा करायला निघाले आणि हातात शेपूटही राहिलं नाही. पण पश्चात्ताप शोधला तर सापडत नाही. कालपासून पुन्हा लिहायला बसले आहे. दुसरी वेस. कोण छापेल माहीत नाही. कुणी छापलं नाही तर हाताने लिहून वाटीन, पण पोर चालणार.

एकच गोष्ट सलते. बाबांना त्यांच्या जागी ठेवताना मी तुला तुझ्या जागेवरून उठवलं का? तेवढं कळव.

भिंगरी


११ मे

माझ्या भिंगरे,

पत्र लिहिलं नाही कारण हात कामात होते. आता वाच.

तुझं चार एप्रिलचं पत्र वाचून मी तुझ्यावर चिडले. मग तुझ्यावर चिडता येईना म्हणून दादावर चिडले, की साहेब नको म्हणत असताना चढला कशाला. मोठमोठ्याने बोलले, एकटीच, स्वयंपाकघरात. इतकी वर्षं मी त्याच्यावर रागावलेच नव्हते गं. जो गेलेलाच नाही त्याच्यावर कसं रागावणार? शेजारीण विचारायला आली, बाई, कुणाशी भांडताय? म्हटलं, भावाशी. तिला वाटलं माझं डोकं फिरलं.

तुझं दुसरं पत्र आलं त्या दिवशी मी वाचनालयात गेले. ग्रंथपालला म्हटलं, ते पुस्तक दे आणि मला एक टेबल दे. पिशवीतून दाभण काढलं, मेण लावलेला दोरा काढला. शाळेतले फाटके चेंडू, जाळी, मी सगळं हातानेच शिवायची, सामान अजून घरी आहे. ती घाबरली. म्हणाली, बाई, सार्वजनिक मालमत्ता आहे, फाडता येणार नाही. म्हटलं, मी फाडत नाहीये, शिवतेय. उभी राहा आणि पुठ्ठा धर.

पुठ्ठा सोडवला, मग ऐंशी आणि एक्याऐंशीच्या मधली शिवण उसवली. तो फर्मा हातात आला. सोळा पानं, भिंगरे, मुठीत मावतात. तिथेच बसले, खिडकीपाशी, आणि वाचली. पहिल्यापासून शेवटपर्यंत, एकही ओळ न टाळता. तो शिडीच्या पहिल्या पायरीवर पाय ठेवतो, उचलतो, पुन्हा ठेवून बघतो, आणि मगच चढतो. दादा तसंच करायचा. वहिनी हसायची, आई हसायची, त्याला कळायचंच नाही का हसतात. तू ते लिहिलंस. मग वारा येतो, आणि मग दिवा लागतो.

मी पाहिला त्याला, भिंगरे. वाचनालयात, दुपारी, चार माणसांसमोर मी मोठ्याने रडले आणि मला लाज वाटली नाही. ग्रंथपाल पुठ्ठा धरून तशीच उभी, तिचेही डोळे वाहत होते, मला म्हणाली, बाई, मी उडी मारायला घाबरायची तेव्हाही तुम्ही रडला नव्हतात. 

मग डोळे पुसले आणि तो फर्मा दोनशे चोवीस आणि दोनशे एक्केचाळीसच्या मधे ठेवला. सरळ केला, चेंडूला मारतात तसे घट्ट टाके घातले. माझ्या भावाला मी माझ्या हातांनी त्याच्या जागी ठेवला. तेवढं माझं राहिलं होतं.

मी कुठे उठलेले नाही. माझ्या जागेवरच आहे. तुझ्या थोरल्यांना मात्र पत्र टाकलं, तुमच्याकडची प्रत पाठवा, नीट करून देते. उत्तर आलं, कळवतात की ती त्यांना तशीच हवी. असू दे, तोही हट्टीच. तुझ्या प्रकाशकाला मी लिहिलेलं नाही, कारण ते पत्र मला तुला वाचून दाखवता आलं नसतं.

आपल्या गावातल्या दुसऱ्या वाचनालयातली प्रत कालच शिवून झाली. तिथल्या माणसाने आधी नाही म्हटलं, मग मी तिथेच बाकावर बसून राहिले, मग हो म्हणाला. शेजारच्या गावात दोन आहेत असं कळलंय. ग्रंथपाल सोबत येतेय, बस सकाळची आहे.

तू दुसरी वेस लिही. आणि तो पहिला गठ्ठा आणखी कुठे कुठे गेला ते शोधून कळव. माझ्याकडे दोरा पुष्कळ आहे.

तुझी आत्या